जुन्या मोटारीचा संसार

मनुष्यास कांहीं तरी छंद असावा ह्याविषयीं कोणाचें दुमत नसतें. तो कोणता असावा, हा प्रश्न निघाला म्हणजे मात्र घरोघर मतभेद सुरू होतात. टपालाचीं तिकिटें जमविणारा मुलगा सर्वांस आवडतो, कारण तिकिटें वहींत मावतात. बागेचा छंद तर देवघरासही चालतो. त्यांतून निदान तुळस आणि जास्वंद तरी मिळते. परंतु जुनी मोटार विकत घेऊन ती चालती ठेवण्याचा छंद ज्याला जडला, त्याच्याकडे घरचीं माणसें एका विशेष दृष्टीनें पाहूं लागतात. तींत राग नसतो. घरांत एखाद्याची प्रकृति तोळामासा असली म्हणजे इतर जण त्याच्याशीं ज्या सांभाळून घेण्याच्या सुरांत बोलतात, तोच सूर आमच्या घरीं मजशीं बोलतांना गेलीं पंधरा वर्षें लागत आला आहे.

आम्ही कोलशेतचे रहिवासी. ठाणें शहराच्या उत्तरेस, घोडबंदरच्या रस्त्यापासून आंत, खाडीच्या कांठीं हें गांव आहे. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची; भातशेती, मासळी आणि खाडींतील रेती हे येथील जुने व्यवसाय. पुढें रासायनिक कारखाने आले. आतां कारखान्यांच्या धुराड्यांऐवजीं उंच इमारतींचे मनोरे दिसतात, आणि त्यांच्या तळघरांत आरशासारख्या लखलखीत नव्या मोटारी ओळीनें उभ्या असतात. आमचें घर मात्र अजून दुमजली आणि कौलारू आहे. त्यांत तीन पिढ्यांचीं नऊ माणसें राहतात, आणि अंगणांतील पत्र्याच्या पडवींत दहावें माणूस राहतें. तें म्हणजे १९७० सालची फियाट.

ही गाडी घेण्याचें खरें कारण मीं घरांत कधीं मोठ्यानें सांगितलेलें नाहीं. पण तें सर्वांना ठाऊक आहे. माझ्या वडिलांनीं, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतों, १९६८ सालीं फियाटसाठीं नांव नोंदविलें होतें. त्या काळीं मोटार ही दुकानांत जाऊन घेण्याची वस्तु नव्हती. देशांत मोटारी बांधणारे कारखाने मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास अँबॅसडर, मद्रासला स्टँडर्ड, आणि आपल्या कुर्ल्यास फियाट. किती गाड्या बांधाव्या हें सरकारी परवान्यावर ठरे, आणि मागणी त्याहून पुष्कळ अधिक असे. अनामत रक्कम भरावयाची आणि मग लग्नाच्या मुलीच्या बापासारखी वाट पाहावयाची, अशी रीत होती. अण्णांचा नंबर लागल्याचें पत्र १९७६ सालीं आलें. त्याच वर्षीं आमच्या आत्याचें लग्न ठरलें. साठविलेले पैसे कोठें गेले हें सांगणें नको. अण्णांनीं तें पत्र चौघडी करून पंचांगांत ठेवलें, आणि मोटारीचा विषय पुन्हां काढला नाहीं. आत्यांस ही गोष्ट त्यांच्या नातवाच्या मुंजींत, म्हणजे चाळीस वर्षांनीं, कळली.

कुर्ल्याच्या त्या कारखान्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे; कारण पुष्कळांची अशी समजूत असते कीं फियाट म्हणजे इटलीहून आलेली गाडी. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ पासून कुर्ल्यास अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. फियाटशीं संबंध जुळला तो पुढें, १९५० नंतरच्या वर्षांत. गोल पाठीची आणि फुगीर गालांची जी फियाट आली, तिला मुंबईकरांनीं डुक्कर फियाट असें नांव दिलें, आणि तें इतकें चिकटलें कीं आज ती गाडी बाळगणारेही तेंच नांव प्रेमानें घेतात. १९६४ सालीं ११०० डिलाइट हा चौकोनी बांध्याचा नमुना निघाला. आमची गाडी त्यांतलीच. पुढें इटलीच्या कंपनीशीं असलेला करार संपला, तेव्हां हीच गाडी १९७२ च्या सुमारास प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. सून सासरीं आल्यावर नांव बदलावें, तसें झालें; माणूस तेंच. नव्या शतकाच्या आरंभीं ती बनविणें बंद पडलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. ह्या कंपनीचा दुसरा कारखाना आमच्याच जिल्ह्यांत, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस होता. तेव्हां आमच्याकडे ह्या गाडीला परकी म्हणणें म्हणजे माहेरवाशिणीला पाहुणी म्हणण्यासारखें आहे.

आमची गाडी मिळाली तीही डोंबिवलीसच, २०१० सालीं. एक जुना बंगला पाडून तेथें इमारत उठावयाची होती, आणि दसऱ्यापूर्वीं पडवी मोकळी करून देणें मालकांस भाग होतें. भंगारवाल्यानें वजनावर किंमत सांगितली होती. मीं त्याहून थोडी अधिक सांगितली. मागच्या बैठकीवर मांजरीनें संसार थाटलेला होता. तो आटोपेपर्यंत तीन आठवडे थांबावें लागलें. मग ती एका ट्रकवर चढवून कोलशेतला आणली. घरांतील सर्व मंडळी अंगणांत जमली. वहिनींनीं प्रथम तिच्याकडे आणि मग दादाकडे पाहिलें. त्या पाहण्यांत ‘तुमच्या भावाला आवरा’ एवढें वाक्य स्पष्ट वाचतां येत होतें. अण्णा तेव्हां बहात्तर वर्षांचे होते. ते कांहीं न बोलतां गाडीभोवतीं एक प्रदक्षिणा घालून आले, चालकाच्या बाजूचें दार उघडून आंत बसले, सुकाणूच्या दांड्यावरील गिअरची मूठ त्यांनीं वरखालीं केली आणि विचारलें, “हिची क्लचप्लेट पाहिलीस कां?” चौतीस वर्षांत मोटार ह्या विषयावरील त्यांचें हें पहिलें वाक्य.

आतां हा छंद म्हणजे नक्की काय, हें वाचकांस सांगतों. मोटार विकत घेणें हा त्यांतील अगदीं लहान भाग आहे. लग्न हा जसा संसाराचा लहान भाग असतो, तसा. खरी गंमत पुढें असते. आमच्या गाडीचें वरचें अंग बरें दिसत होतें. पण पायाखालचा रबराचा गालिचा उचलला तेव्हां जमीन दिसली, आणि ती गाडीची नव्हे, आमच्या अंगणाची. खाडीवरचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस ह्यांपुढें पत्र्याचें कांहीं चालत नाहीं. गंज बाहेरून येतो असें वाटतें. तो आंतून येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें ठेवलेलीं असतात. तीं मातीनें बुजलीं कीं पाणी आंत सांचतें, आणि दोन पावसाळ्यांत दार खालून झडूं लागतें. ज्यांना घाई असते ते अशा भोकांत लांबी भरून वरून रंग मारतात. तसें केलेली गाडी प्रदर्शनांत शोभते आणि घाटांत रडते. आम्हीं कुजलेला पत्रा कापून काढला, नवा जोडला, आणि ह्या कामांत पहिलें वर्ष गेलें. गाडी त्या वर्षांत एक इंचही चालली नाहीं. पण मी तिचा इतका जवळचा झालों, जितका मी कोणत्याही नव्या गाडीचा पांच वर्षें चालवूनही झालों नव्हतों.

कारण असें आहे कीं जुनी मोटार स्वतःस कळूं देते. नव्या गाडीचें झांकण उघडलें तर आंत आणखी एक झांकण दिसतें. बिघाड काय झाला हें संगणक सांगतो, आणि उपाय म्हणून सबंध पेटीच बदलतात. आमच्या फियाटचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें. झांकण उघडून पाहिलें तर पेट्रोल कोठून आलें, हवा कोठें मिसळली, ठिणगी केव्हां पडली, हें सारें शाळेंतील मुलालाही बोट ठेवून दाखवितां येतें. ठिणगीची वेळ ठरविणारे दोन लहान पॉइंट असतात. त्यांच्यामधील फट अर्ध्या मिलिमीटराहून कांहींशी कमी लागते. ती वाढली किंवा घटली तर गाडी खोकूं लागते. पातळ पोलादी पट्टी त्या फटींत सरकवून पाहावयाची, पेच किंचित् सैल करावयाचा, पुन्हां पाहावयाचें. एवढ्याशा कामासाठीं रविवारची सकाळ खर्ची पडते, आणि दुपारीं इंजिन एकसुरी गुणगुणूं लागलें म्हणजे जेवण अधिक गोड लागतें, हें मी शपथेवर सांगावयास तयार आहें.

तिच्या दुखण्यांतही एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो. उन्हाळ्यांत चढावर इंजिन फार तापलें कीं पेट्रोल पंपाच्या आंतच पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढतां येतें, वाफ ओढतां येत नाहीं. म्हणून टांकी भरलेली असूनही गाडी जागच्या जागीं थांबते. एका मे महिन्यांत गायमुखाच्या चढावर आमचें असेंच झालें. मागून भोंगे वाजत होते, गाडींत सहा माणसें होतीं, आणि वहिनींच्या मांडीवर फिरकीचा तांब्या होता. अण्णांनीं तो मागून घेतला, खांद्यावरचा पंचा भिजवून पंपाभोवतीं गुंडाळला, आणि दहा मिनिटांनीं गाडी निमूटपणें निघाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हा उपाय पिढीजात ठाऊक होता. अण्णांना तो कसा ठाऊक, हें मला तेव्हां उमगलें नाहीं. मग लक्षांत आलें कीं आठ वर्षें वाट पाहणाऱ्या माणसानें त्या आठ वर्षांत त्या गाडीविषयीं मिळेल तें सर्व वाचलेलें आणि विचारलेलें असणार. तेव्हांपासून वहिनी दोन तांबे घेतात. एक माणसांचा, एक पंपाचा.

आमच्या वडिलांच्या पिढीला दुरुस्ती ही हौस नव्हती, गरज होती. नवी गाडी मिळत नसे, म्हणून जुनी टिकवावी लागे. क्यूबा बेटांतही असेंच घडलें. १९६० नंतर अमेरिकेशीं व्यापार तुटला आणि हवानाच्या लोकांनीं त्याआधींच्या अमेरिकन गाड्या कांहीं तरी युक्त्या करून दशकानुदशकें चालत्या ठेवल्या. गरजेनें जी विद्या जन्मास आली, तिचे आम्ही हौशी लोक वारस आहों. आणि येथेंच माझ्या मनांत खरी टोंचणी आहे. ही विद्या पुस्तकांत फार थोडी आहे; ती हातांत आणि कानांत आहे. आमचे मिस्त्री कुर्ल्याच्या कारखान्यांत कामाला होते. आतां त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे आणि दृष्टि अधू झाली आहे. पॉइंटमधील फट त्यांना दिसत नाहीं; पण एक लांब पेचकस इंजिनावर टेंकवून त्याची मूठ ते कानाला लावतात, आणि कोणता वाल्व्ह सैल आहे तें सांगतात. त्यांचें हें सांगणें चुकल्याचें मला स्मरत नाहीं. एकदां मीं त्यांना हें सारें लिहून द्या म्हणून वही दिली. त्यांनीं ती दोन महिन्यांनीं परत आणली. तींत चार ओळी होत्या, आणि त्यांतल्या दोन ग्रीसविषयीं होत्या. “आवाज कागदावर कसा उतरवायचा, साहेब?” असें ते म्हणाले.

सुट्या भागांचेंही तेंच. टॅक्सी मोडींत निघत होत्या तोंवर कुर्ल्याच्या भंगाराच्या दुकानांत दारें, दिवे, गिअरच्या पेट्या यांचे ढीग असत. शनिवारीं तेथें जाऊन काळ्या तेलांत हात घालून हवी ती वस्तु शोधून काढणें हा माझ्या आयुष्यांतील एक मोठा आनंद होता. रद्दींतून दुर्मीळ ग्रंथ मिळाला म्हणजे जसें होतें, तसें. ते ढीग आतां आटले. अँबॅसडरवाले आमचे मित्रही हेंच सांगतात. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात आणि अँबॅसडरला इंचाचे, त्यामुळें आमच्यांत उसनवारी चालत नाहीं. दुःखाची देवाणघेवाण मात्र चालते.

आणि पेट्रोल! २००० सालीं देशभर शिसें घातलेलें पेट्रोल बंद झालें, तें योग्यच झालें. पण जुन्या इंजिनांच्या वाल्व्हच्या बैठकी त्या शिशाच्या आधारावर टिकत असत, म्हणून आम्हांस कठीण पोलादाच्या नव्या बैठकी बसवून घ्याव्या लागल्या. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. उसाच्या शेतकऱ्याला त्यापासून चार पैसे मिळतात, ह्याचा आनंदच आहे. परंतु जुन्या रबराला तें मानवत नाहीं. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ पडतो, आणि टांकीच्या तळाशीं वर्षानुवर्षें निजलेली घाण जागी होऊन कार्ब्युरेटरांत येऊन बसते. सर्व नळ्या नव्या रबराच्या बसविल्यापासून हा त्रास कमी झाला आहे. आणखी एक गोष्ट आमच्या छंदाचे भक्त सहसा बोलत नाहींत, ती बोलून टाकतों: ह्या गाड्यांचा धूर नव्या गाड्यांच्या धुराहून वाईट असतो. म्हणून रोज ऑफिसला फियाटनें जाणें मला पसंत नाहीं. आठवड्यांतून एक फेरी, तीही पहांटे, एवढेंच मी करतों.

ही एक फेरीच २०२५ सालीं आमच्या घरांतील वादाचा विषय झाली. गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. त्या वर्षीं ती मुदत संपत होती, आणि वीस वर्षांवरील मोटारीचें नूतनीकरणाचें शुल्क त्याच वर्षीं पांच हजारांचें दहा हजार झालें. पुतण्यानें दुसरा मार्ग सुचविला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद होऊं शकते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते, आणि नोंद दहा वर्षें टिकते. मानाची गोष्ट खरी. परंतु अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणें, दुरुस्ती अशा ठराविक कारणांसाठींच ती बाहेर काढावयाची.

रात्रीं जेवतांना ह्यावर चर्चा झाली. पुतण्याचें म्हणणें व्यवहाराचें होतें: पुढल्या तपासणीची धास्ती नको, गाडीची किंमत वाढेल, आणि दादाच्या शब्दांत सांगावयाचें तर काकाही थोडा विसांवा घेईल. माझें मत विरुद्ध होतें. मोटार चालली तरच ती मोटार राहते. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, सील वाळतात, बॅटरी बसते, पेट्रोल शिळें होतें. चालत्या गाडीला जितका खर्च लागतो त्याहून उभ्या गाडीला अधिक लागतो. इंग्लंडांत दर नोव्हेंबरांत लंडनहून ब्रायटनपर्यंत १९०५ च्या आधींच्या मोटारी स्वतःच्या बळावर साठ मैल धांवतात. त्या शंभर वर्षांच्या म्हाताऱ्या चालूं शकतात तर आमची पंचावन्न वर्षांची कां बसवून ठेवावी? वाद रंगांत आला असतां अण्णांनीं ताटांतला भात कालवीत विचारलें, “त्या पाटीवर कौपीनेश्वराला जातां येईल कां?”

श्रावणी सोमवारीं पहांटे ठाण्याच्या कौपीनेश्वराचें दर्शन फियाटमधून घेण्याचा अण्णांचा पंधरा वर्षांचा नेम आहे. देवदर्शन हें प्रदर्शनांत मोडतें कीं दुरुस्तींत, ह्यावर पुतण्यानें क्षणभर विचार केलेला मीं पाहिला. नंतर कोणी कांहीं बोललें नाहीं. दहा हजार भरले; गाडी तपासणीला घेऊन जाण्यापूर्वीं मी, मिस्त्री आणि माझी धाकटी पुतणी असे तिघे तीन रविवार तिच्याखालीं होतों.

ह्या पुतणीविषयीं सांगावयाचें राहिलें. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मिस्त्र्यांच्या अधू डोळ्यांचें काम सध्यां तीच करते. ते कानानें सांगतात, ती डोळ्यांनीं पाहते आणि पाना फिरविते. पहिल्या दिवशीं मिस्त्र्यांनीं तिच्याकडे शंकेनें पाहिलें होतें. आतां तिच्यावांचून ते झांकण उघडूं देत नाहींत, मलाही नाहीं. तिनें त्यांच्या हाताखालीं इंजिनाचे निरनिराळे आवाज फोनवर टिपून ठेवावयास आरंभ केला आहे. सैल वाल्व्हचा एक, घसरत्या पट्ट्याचा एक, पंपांत वाफ धरण्यापूर्वींचा एक, अशी प्रत्येकाला नांव देऊन तिची यादी वाढत आहे. वहिनींना हें फारसें पसंत नाहीं, कारण मुलीच्या नखांतलें ग्रीस चार-चार दिवस निघत नाहीं. पण परवां त्यांनींच तिला राखेनें आणि लिंबानें हात घासून दिले, असें मीं पाहिलें.

तपासणींत गाडी उत्तीर्ण झाली. पण तपासणाऱ्यानें पुढचें डावें चाक हलवून पाहिलें आणि किंगपिन झिजत आल्याचें सांगितलें. त्यांत खोटें कांहीं नव्हतें. तयार बुश बाजारांत कोठेंही मिळाले नाहींत. शेवटीं वागळे इस्टेटींत लेथवर काम करणारा एक कारागीर जुना नमुना पाहून पितळेचे बुश कातून देण्यास तयार झाला आहे. माप घेऊन पुतणी आणि मी काल त्याच्याकडे जाऊन आलों. मंगळवारपर्यंत देतों, असें त्यानें कबूल केलें आहे. घरीं येऊन हें सांगितलें तेव्हां अण्णांनीं पंचांगावरून दृष्टि न काढतां विचारलें, “कोणत्या मंगळवारपर्यंत?”